लाल चुन्नीचा फ्लॉवर

१

फ्लॉवर सडका निघाला म्हणून खून पडल्याचं अजून तरी कुणी ऐकलेलं नाही. पण जानेवारीतल्या त्या सकाळी चंडीगडच्या सेक्टर पस्तीसमधल्या एका स्वयंपाकघरात तशी वेळ आली होती खरी.

स्वयंपाकघर होतं कर्नल शैलजा घाटगे यांचं. बाई मूळच्या कागलच्या. सगळी नोकरी लष्कराच्या पुरवठा खात्यात गेली. जवानांच्या ताटात नासका बटाटा जाऊ नये म्हणून त्यांनी ट्रकच्या ट्रक परत पाठवले होते, आणि त्यांचं नाव निघालं की ठेकेदार चळचळा कापायचे. निवृत्त झाल्यावर हात शांत झाले, डोकं काही झालं नाही.

ओट्यावरचा गड्डा आदल्या संध्याकाळी आला तेव्हा पांढराशुभ्र होता. रात्रीत तो तपकिरी पडला होता, त्यातून पाणी सुटलं होतं, आणि वासानं कामवाली कमलेश नाकाला ओढणी लावून दारातच थांबली होती. शैलजाबाईंनी तो उलटा करून पाहिला. एक गोष्ट त्यांना खटकली. देठाशी एकही पान नव्हतं. न्हाव्याकडून आल्यासारखा गुळगुळीत तासलेला. एरवी ‘मेड से मेज’चा फ्लॉवर हिरव्या पानांच्या झालरीसकट यायचा. त्यांना तो कोवळा पाला आवडायचा, त्याचा झुणका व्हायचा घरी.

‘मेड से मेज’ म्हणजे बांधावरून थेट जेवणाच्या टेबलावर. मोहालीतली नवी कंपनी होती. पिंजौरच्या डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि मधला अडत्या गाळून तो शहरातल्या घरांत पोचवायचा. फोनवर मागवायचं, आणि प्रत्येक पिशवीवर पिकवणाऱ्याचा फोटो आणि नाव. शैलजाबाईंना ही गोष्ट मनापासून पटली होती. खाणाऱ्याला पिकवणाऱ्याचं तोंड दिसावं, यात वाईट काय?

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा निरोप होता, सगळ्या गिऱ्हाइकांना गेलेला. हा फ्लॉवर पिकवणाऱ्या संतोष देवीचा हसरा फोटो, त्यावर आडवी लाल पट्टी, आणि पट्टीवर हिंदीत लिहिलेलं: मिलावट, म्हणजे भेसळ. या शेतकऱ्याचा माल कायमचा बंद.

आपल्याकडे संतोष म्हटलं की मिशीवाला डोळ्यांपुढे येतो. इकडे संतोष काय, कमलेश काय, बायकांची नावं. ही संतोष पन्नाशीची, बारीक, ताठ. डोंगरातल्या बायकांचा गट तिनं बांधला होता. कंपनीनं गिऱ्हाइकांना शेत दाखवायला नेलं तेव्हा तिनं शैलजाबाईंना मक्याची रोटी वाढली होती, आणि किडका मुळा दिसताच स्वतःच बाजूला काढून म्हणाली होती, हा मी कुणाला देत नाही. ती बाई सडका माल खपवणार? आणि तो खपवला असं सगळ्या शहराला ओरडून सांगायचं, तेही तिच्या तोंडावर पट्टी मारून?

शैलजाबाईंनी कंपनीच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणजे शंतनू, त्यांच्या मैत्रिणीचा, वीणाचा मुलगा. बाप हवाई दलात, पोरगं इथेच वाढलेलं. मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. बाई मराठीत तडतडल्या आणि तो थंडपणे म्हणाला, “मौसी, उसने ठंड से मरी हुई गोभी ऊपर से सजाके भेज दी. केस क्लोज है.”

केस क्लोज म्हणे. ज्यानं चौकशी उघडलीच नाही, तो बंद काय करतोय? शैलजाबाईंनी गाडीची किल्ली उचलली.

२

पिंजौरच्या पुढे रस्ता चढू लागला की धुकं खाली राहतं. संतोष देवी अंगणात बसली होती. पुढ्यात मटारच्या शेंगांचा ढीग आणि हात मांडीवर. शैलजाबाईंना पाहून ती उठली, पाणी आणलं, पण रडली नाही. रडली असती तर बरं, असं वाटावं असा तिचा चेहरा होता.

तिनं सांगितलं ते असं. माल खुडायच्या आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली. दव गोठून पहाटे शेतावर पांढरा थर बसला होता. वरचं शेत बचावलं, थंड हवा उतरून साचते त्या खालच्या शेतातला फ्लॉवर गेला. असा फ्लॉवर पहाटे टणक, पांढरा, चांगलाच दिसतो. ऊब लागली की दुसऱ्या दिवशी नासतो. पण कंपनीचा नियम असा की खुडलेलं सगळं कंपनीला द्यायचं, हलकं निघालं तर ती गोशाळेला पाठवते. म्हणून संतोषनं खालच्या शेतातले क्रेट वेगळे केले, आपली जुनी लाल चुन्नी, म्हणजे ओढणी, फाडून प्रत्येकाला एकेक चिंधी बांधली, आणि शिवाय फोन केला.

“कुणाला फोन?” शैलजाबाईंनी विचारलं.

कंपनीचा ‘किसान का फोन’ होता. शेतकऱ्यानं त्यावर थेट साहेबांशी बोलायचं, मधे कुणी नाही. कंपनीच्या प्रत्येक जाहिरातीत हा फोन मिरवायचा. संतोषच्या मोबाइलमध्ये त्या पहाटेचा कॉल लागल्याची खूण अजून होती.

“काय बोललीस ते जसंच्या तसं सांग,” बाई म्हणाल्या. साक्षीदाराला त्याच्याच शब्दांत बोलू द्यावं, ही त्यांची जुनी खोड.

संतोष म्हणाली, “मैंने कहा, पाले वाली गोभी अलग है जी, लाल चुन्नी बाँधी है, घरों में ऐसे मत भेजना. उधर से आदमी बोला, ठीक है जी, समझ गया.”

कोण माणूस, ते तिला सांगता येईना. वारा होता, आवाज तुटत होता, आणि बोलणं दोन वाक्यांचं.

एवढं झाल्यावर ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. पट्टी फिरल्याबरोबर अडत्यानं निरोप धाडलाय की ये परत आमच्या दारात. गटातल्या बायका तिच्याकडे बघत नाहीत, कारण एकीच्या नावाला पट्टी लागली की सगळ्यांचाच माल बंद. आणि सकाळच्या बसमध्ये एका शाळकरी पोरीनं मोबाइलमधला फोटो आपल्या आईला दाखवून तिच्याकडे बोट केलं होतं. “बहनजी, गोभी तो फिर उग जाएगी. मेरा मुँह कौन धोएगा?”

शैलजाबाईंना संताप आला. परतताना त्यांनी शंतनूला विचारलं. त्या फोनवरचं प्रत्येक बोलणं कंपनीत साठवलेलं असतं ना, मग ते ऐकलंस का? तो म्हणाला, त्या दिवशी तिचं काही रेकॉर्डिंगच नाही.

कॉल लागला होता. रेकॉर्डिंग नव्हतं. म्हणजे ते कुणीतरी पुसलं होतं.

३

तो फोन एकाच वेळी तिघांच्या मोबाइलवर वाजतो आणि जो आधी उचलेल तो बोलतो. पुसण्याचे हक्कही त्याच तिघांना. एक शंतनू. दुसरा बलविंदर, पिंजौरच्या माल गोळा करण्याच्या केंद्राचा प्रमुख. तिसरा अंशुमन, मालाच्या दर्जाचा अधिकारी, डेराबस्सीच्या पॅकिंग शेडवर बसणारा. फोन उचलला नाही, असं तिघांचंही म्हणणं. तीन माणसं, एक खोटं.

बलविंदर आडदांड सरदार, दाढीत पांढरे केस. मॅडम जी, मॅडम जी करत त्यानं चहा मागवला. शैलजाबाईंना त्याच्यावर पहिला संशय होता आणि त्यांनी तो लपवला नाही. त्याचा सख्खा मामा मंडीतला अडत्या. संतोषचा गट कंपनीतून फुटला तर त्या बायका मामाच्याच ओट्यावर जाणार. हे तोंडावर ऐकवल्यावर बलविंदर लालबुंद झाला. मामाशी बोलणं सोडून त्याला वर्ष लोटलं होतं, याच नोकरीपायी. तो म्हणाला, लाल चिंध्यांचे क्रेट मी डोळ्यांनी पाहिले, ते वेगळे रचून ट्रकमध्ये चढवले. चिंधी कशासाठी, हे संतोषनं वर कळवलंच असणार, म्हणून विचारलं नाही.

“त्या गड्ड्यांना पानं होती?”

“पूरे पत्ते थे जी. यहाँ कौन काटेगा? यहाँ तो चाकू भी नहीं है.”

हे मात्र खरं होतं. केंद्रावर वजनकाटा, क्रेट आणि चहाची किटली, एवढंच.

म्हणजे पानं डेराबस्सीला कापली गेली. शैलजाबाई तिकडे निघाल्या. तिथल्या औषध कारखान्यांच्या रांगेत एका पत्र्याच्या शेडमध्ये बायका हातमोजे घालून भाजी निवडत होत्या. समोर भिंतीवर मोठा पडदा. कुठल्या क्रेटचं काय करायचं ते त्यावर येतं, बायका तसं करतात. साहेब समोर नसला तरी चालतं, अशी सगळी आधुनिक व्यवस्था. बायकांना ती सकाळ आठवत होती. पडद्यावर आलं होतं: लाल चुन्नीवाले क्रेट, सगळी पानं काढा, ए ग्रेड, घरांसाठी. त्यांना नवल वाटलं होतं, इतकी पानं कधीच कुणी काढायला लावत नाही. पण पडद्याला प्रश्न कसा विचारणार?

आणि पडद्यावर हुकूम टाकण्याचा पासवर्ड? तोही त्याच तिघांकडे, एकच.

शैलजाबाई उभ्या राहिल्या आणि डोकं खाजवू लागल्या. सडका माल खपवायचा असता तर त्यानं चिंध्या गुपचूप सोडल्या असत्या. हा प्राणी बायकांना बसवून एकेका गड्ड्याची पानं काढायला लावतो. पानांनी त्याचं काय घोडं मारलं होतं?

४

अंशुमन नाशिकचा. शेतकी पदवी, इकडे येऊन सहाएक महिने झालेले, इस्त्रीचा शर्ट. मराठी बाई आल्या म्हणून पोरगं हरखलं. गणपतीत महाराष्ट्र मंडळात यायचं राहून गेलं, पुढच्या वर्षी नक्की, वगैरे. इथे मराठी बोलायला माणूस मिळत नाही म्हणाला. पण हिंदीची अडचण नाही, शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा पहिल्या वर्गात पास केल्यात.

शैलजाबाईंनी फ्लॉवरचं काढलं.

“मॅडम, खरं सांगू का?” तो हळहळून म्हणाला. “हे लोक गरीब आहेत हे मान्य, पण लबाडी करतात. फ्लॉवर पाल्यासकट देतात, वजन चढतं. थंडीनं करपलेला गड्डा ओळखता येत नाही, त्याचा फायदा घेतात. संतोषबाईंनी कळवलं असतं तर मी स्वतः माल थांबवला असता. फोन आला असता तर ना.”

बोलणं गोड, मुद्देसूद. शैलजाबाईंना ते आवडलं नाही आणि का आवडलं नाही ते कळेना. आपल्या मुलखातल्या पोरानं शेतकरणीला लबाड म्हटलं म्हणून असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. रागावर निकाल द्यायचा नसतो.

शंतनू मोहालीच्या ऑफिसात काचेच्या खोलीत येरझारा घालत होता. परवा मोठे गुंतवणूकदार येणार होते. त्यांना दाखवायला ए ग्रेडचा आकडा हवा होता, आणि नेमकी त्याच आठवड्यात ही घाण. शैलजाबाईंनी त्याला विचारलं, लहानपणी आईनं शेतीतलं काही शिकवलं का रे? तो वैतागून म्हणाला, शेती कसली, गच्चीत तुळस होती. जानेवारीत थंडी वाढली की आई मध्येच उठवायची, जा, तुळशीवर चादर टाकून ये. गिऱ्हाइकांचा ओरडा सुरू झाल्यावर अंशुमननं अहवाल दिला आणि त्यावर आपण पट्टीचा हुकूम दिला, हे त्यानं लपवलं नाही.

“तिला एकदा विचारलंस?”

“मौसी, टाइम कहाँ था?”

निरोप हजारो लोकांना धाडायला वेळ होता, एका बाईला विचारायला नव्हता. शैलजाबाई तिथून उठल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. तिघांपैकी प्रत्येकाला खोटं बोलायला कारण होतं. बलविंदरला मामा, शंतनूला गुंतवणूकदार, अंशुमनला नोकरी. यातल्या एकाही कारणानं पानं कापली जात नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. शैलजाबाईंनी बाजारातून मुळे आणले. रागात असल्या की त्यांना भाजी चिरायची असते. सुरी चालवता चालवता त्यांनी कमलेशला मराठी-हिंदीची नेहमीची खिचडी करून सांगितलं, “पाला अलग रख दे, फेकना नहीं.”

कमलेश जागची हलली नाही. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

“पाला? बीबीजी, आज तो धूप है.”

शैलजाबाईंच्या हातातली सुरी तशीच राहिली. त्यांनी ओट्यावरच्या मुळ्यांच्या हिरव्या पानांकडे पाहिलं, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, आणि मग खुर्चीत बसून कपाळाला हात लावला. इतकी वर्षं उत्तरेत काढली. बाहेर हा शब्द एका अर्थानं ऐकायचा, घरात दुसऱ्या अर्थानं बोलायचा, आणि दोन्ही कधी एकमेकांना भेटलेच नाहीत. काल संतोषच्या तोंडून ऐकला तेव्हाही नाही.

त्यांनी बलविंदरला फोन करून संतोषला मोहालीला आणायला सांगितलं. मग शंतनूला: आज दुपारी ऑफिसात अंशुमनला बोलावून ठेव. तो कारणं सांगू लागला. बाई म्हणाल्या, “बोलावतोस, की मी परवा तुझ्या गुंतवणूकदारांना सडका फ्लॉवर घेऊन भेटू?”

६

काचेच्या खोलीत पाच माणसं बसली. संतोष देवी खुर्चीच्या कडेवर, डोक्यावरून ओढणी. तिच्याकडे बघायचं सगळे टाळत होते, बलविंदर सोडून.

शैलजाबाईंनी आवाज अगदी घरगुती केला. अंशुमनकडे वळून त्या हिंदीत म्हणाल्या, “बेटा, तुम खेती के पढ़े-लिखे हो, पहले तुम बताओ. मेरे बगीचे में बहुत पाला पड़ा है. क्या करूँ?”

अंशुमन हसला. एवढंच ना, असं.

“झाड़ू लगवा लीजिए मॅडम. इकट्ठा करके गड्ढे में डाल दीजिए, बढ़िया खाद बनेगी.”

बलविंदरनं तोंडापाशी नेलेला कप खाली ठेवला. शंतनू अंशुमनकडे असा बघत राहिला, जणू माणूस ओळखीचाच नाही. “पाले को झाड़ू?” तो हळूच म्हणाला. “मौसी, पाले में तो चादर डालते हैं. तुलसी पे.”

“शाम को पानी लगाते हैं जी खेत में,” बलविंदर म्हणाला. संतोषनं मान वर केली. तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

शैलजाबाई आता मराठीत आल्या, आणि आवाजातला घरगुतीपणा संपला.

“अंशुमन, आपल्याकडे पाला म्हणजे पानं. इकडे पाला म्हणजे थंडीनं गोठलेलं दव, पिकं जाळणारं. हिंदीच्या परीक्षांत तो धडा नसावा. या बाईनं फोनवर सांगितलं, पालेवाली गोभी वेगळी आहे, लाल चुन्नी बांधलीय, घरी अशी पाठवू नका. ज्यानं ऐकलं त्याला वाटलं, पानांसकटची गोभी आहे, अशी पाठवू नका, पानं काढा. म्हणून त्यानं पडद्यावर लिहिलं की लाल चुन्नीवाल्यांची पानं काढा आणि घरी पाठवा. लाल चुन्नीचा अर्थ असा लावणारा माणूस त्या फोनवर होता. पासवर्ड तिघांकडे. बलविंदर याच मातीतला. शंतनू आईची तुळस झाकत मोठा झाला. पाल्याला पानं समजणारा या तिघांत एकच आहे. आत्ता त्यानंच मला झाडू मारायला सांगितलं.”

अंशुमनचा चेहरा उतरला. त्यानं शंतनूकडे पाहिलं. मग म्हणाला, “मावशी, मला खरंच तसंच वाटलं होतं. शपथ. मी तिचं ऐकूनच केलं सगळं.”

मॅडमची मावशी झाली होती. शैलजाबाईंना त्याची क्षणभर कीव आली, आणि त्या कीवेचाच राग आला.

“वाटलं असेल. शब्द न कळणं हा गुन्हा नव्हे, माझीही आज सकाळी फजिती झाली. पण दुसऱ्या दिवशी घराघरांतून वास सुटला तेव्हा काय केलंस? लाल चुन्नी धोक्याची खूण होती एवढं उमगलं, शब्दाचा अर्थ शोधायचीही तसदी घेतली नाहीस. मग उठून सांगायचं होतं, चूक माझी. त्याऐवजी तिचा आवाज पुसलास. तेवढ्यावरही थांबला नाहीस. तिनंच लबाडी केली असा अहवाल दिलास. तुझ्या इस्त्रीला सुरकुती पडू नये म्हणून त्या बाईच्या तोंडाला काळं फासलंस. आणि काल माझ्यासमोर बसून तिला लबाड म्हणालास.”

अंशुमन मान खाली घालून बसला. नाही म्हणाला नाही.

शंतनूनं कपाळ चोळलं. मग व्यवहारी माणसासारखा पुढे सरकला. झालं ते वाईट झालं. पट्टी आजच काढतो, गटाचा माल उद्यापासून सुरू, वर काही भरपाई. फक्त बाहेर काही बोलायचं नाही, परवाची मीटिंग होऊन जाऊ दे. संतोषकडे वळून तो अजीजीनं म्हणाला, “आंटी जी, बैठके राजीनामा कर लेते हैं.”

अंशुमन ताडकन उठला. “सर, राजीनामा नको. प्लीज. घरी सांगता येणार नाही मला.”

संतोषनं ओढणी सारखी केली. ऑफिसात आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य होतं ते.

“राजीनामा नहीं करना मैंने.”

अंशुमननं सुटकेचा श्वास टाकला आणि चक्क तिच्यापुढे हात जोडले. “थँक्यू आंटी जी. थँक्यू.”

शैलजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हसावं की थोबाडीत द्यावी, हे त्यांना ठरवता येईना. शेतकऱ्याचं थेट साहेबांशी बोलणं म्हणे. आणि साहेब तिच्या भाषेच्या उंबऱ्यावरही उभा नाही.

“खाली बस,” त्या म्हणाल्या. “ती तुझी नोकरी वाचवत नाहीये. इकडे राजीनामा म्हणजे तडजोड. दोन्हीकडून गप्प बसायचं, मिटवून टाकायचं. तो करणार नाही म्हणतेय ती. तिच्या भाषेतला राजीनामा होणार नाही, अंशुमन. तू आपल्या भाषेतला लिहायला घे.”

मग त्या शंतनूकडे वळल्या. तुझं मराठी बोलणं कच्चं, पण हे कळेल, म्हणाल्या. पट्टी चोरासारखी काढायची नाही. ज्या ज्या फोनवर ती गेली, त्या प्रत्येक फोनवर तिचा तोच फोटो जाईल, पट्टीशिवाय, आणि चूक कंपनीची होती हे तुझ्या नावानं जाईल. आजच. शंतनू परवाचं काही म्हणू लागला. शैलजाबाईंनी नुसतं त्याच्या आईचं नाव घेतलं, वीणा, एवढंच, आणि तो गप्प झाला.

“और मेरी आवाज?” संतोषनं विचारलं. “जो मिटा दी?”

पुसलेलं परत येत नाही. संतोषनं क्षणभर विचार केला आणि टेबलावरचा शंतनूचा मोबाइल आपल्यापुढे ओढला. फिर से बोल देती हूँ, म्हणाली. शंतनूनं मुकाट्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबून दिलं. ती ताठ बसली, घसा साफ केला आणि त्या पहाटेचं वाक्य होतं तसं बोलली. पाले वाली गोभी अलग है जी, लाल चुन्नी बाँधी है, घरों में ऐसे मत भेजना. एवढंच. वर एक शब्द नाही.

जाताना दारात तिनं आणखी एक अट घातली. किसान का फोन आता गटातली बाई उचलणार, साहेब लोकांनी तिला विचारायचं. शंतनूनं मान डोलावली. बलविंदरनं ते पक्कं करून घेतलं, दोनदा.

जिना उतरत असताना शैलजाबाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर संतोषचा हसरा फोटो, स्वच्छ, खाली कंपनीची माफी आणि तिचा आवाज. त्यांनी तो तिला ऐकवला. जिन्याखाली माल पोचवणारी माणसं पिशव्या भरत होती, काहींच्या हातातले फोन त्याच वेळी वाजत होते. संतोष एका पायरीवर थांबली.

“आवाज ऊँचा करो, बहनजी,” ती म्हणाली. “पट्टी तो सबने देखी थी.”